कवळी मोडणारी चकती

१

कवळी बरोबर मधोमध दुभंगली होती. डॉक्टरमावशींनी दोन्ही तुकडे रुमालावर ठेवले, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. वृद्धाश्रमातल्या या आजोबांना ती त्यांनीच बसवली होती, दवाखाना बंद करण्याआधीच्या शेवटच्या वर्षी. त्यांनी केलेली कवळी अक्रोड फोडण्यासाठी नव्हती हे खरं, पण दुधाच्या चकतीपुढे हात टेकणारीही नव्हती.

"नुसता चावलो हो," आजोबा बोळक्या तोंडाने म्हणाले. "चकती कसली, खडा होता."

"रागावून चावलात?"

"भूक लागल्यावर माणूस जसा चावतो तसा."

शेजारच्या खाटेवरच्या आजी हसल्या. त्यांनी आपली चकती बशीवर आपटून दाखवली. टण् असा आवाज आला. बशीचा टवका उडाला, चकती मात्र होती तशीच.

डॉक्टरमावशींनी एक चकती उचलून दोन्ही अंगठ्यांनी मोडायचा प्रयत्न केला. दुधाची भुकटी आणि साखर दाबून केलेली ही चकती. दातांनी कुडुम करून तुटावी आणि तोंडात ओल लागली की विरघळून जावी, म्हणून तर ती लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना देतात. ही काही मोडेना.

"सगळी खोकी परत पाठवतोय," आश्रमाच्या व्यवस्थापक बाई म्हणाल्या. "आज एकाची कवळी गेली. उद्या कुणाच्या घशात अडकली तर?"

खोक्यावर कारखान्याचं चित्र छापलेलं होतं. मावशींना ते नीट ओळखीचं होतं. कारखाना त्यांच्या बहिणीच्या यजमानांनी उभा केला होता आणि आता बहिणीचा मुलगा तो चालवत होता. मावशींनी कवळीचे तुकडे पर्समध्ये टाकले, मूठभर चकत्या रुमालात बांधल्या आणि सरळ कारखाना गाठला.

भाचा दारातच भेटला. त्याच्या चेहऱ्यावर काळजी दिसेल असं त्यांना वाटलं होतं. दिसला तो राग.

"मावशी, तू उगीच धावत आलीस," तो म्हणाला. "कुणी केलंय ते कळलंय. संध्याकाळी तिला कामावरून काढतोय."

२

"ती म्हणजे कोण?" मावशींनी खुर्चीत बसत विचारलं.

"खळताई."

कारखान्यात खऱ्या नावाने कुणी कुणाला हाक मारत नसे. मिश्रण करणारी बाई स्टार्चची खळ शिजवायची, म्हणून ती खळताई. दाबयंत्रावरचा माणूस दाबेराव. प्रत्येक लॉटमधली चकती चाखून तो पास करणारे ते चवकाका. मालकाला सगळे साहेब म्हणत, आणि मावशी सोन्या म्हणत.

"सोन्या, तिने केलं असं तुला का वाटतं?"

"सरळ आहे. दाबयंत्राचा दाब बदललेला नाही, त्याला मी स्वतः कुलूप लावलंय. मग बिघाड मिश्रणात. मिश्रण कोण करतं? ती." त्याने मावशींपुढे चहा सरकवला आणि बिस्किटांचे दोन अर्धे डबे उघडले. "गेल्या महिन्यात तिने रजा मागितली, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे म्हणून. ऑर्डरी होत्या, मी नाही म्हणालो. तो राग काढलाय. काहीतरी मिसळलंय तिने. चुना, प्लॅस्टर, काय असेल ते."

"तपासून घेतलंस?"

इथे भाचा जरा अडखळला. "घेतलं. प्रयोगशाळेवाले म्हणतात, दूध, साखर, स्टार्च. बाकी काही नाही. आणि प्रमाणही नेहमीचंच."

"म्हणजे गोष्टी त्याच, वजनं तीच, दाब तोच, आणि चकती मात्र दगड."

"म्हणून तर म्हणतो, चलाख आहे बाई." बोलता बोलता त्याने एका डब्यातली बिस्किटं दुसऱ्यात ओतली आणि रिकामा डबा भरलेल्याखाली सारून ठेवला. "अन्नाचं काम आहे, मावशी. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्या हातात मी ते देणार नाही. आणि हे आश्रमाला, शाळांना, सगळ्यांना सांगावंही लागेल."

मावशींनी कप खाली ठेवला. नोकरी गेली तर दुसरी मिळते. पण लहान मुलांच्या खाण्यात काहीबाही मिसळणारी बाई असा शिक्का बसला, तर तिला कुठल्याही स्वयंपाकघरात कुणी पाय ठेवू देणार नाही.

"मला संध्याकाळपर्यंत वेळ दे," त्या म्हणाल्या. "कवळी माझी मोडलीय. निदान तेवढा तरी हक्क आहे माझा."

३

खळताई मिश्रणाच्या खोलीत स्टूलवर बसून होती. काम थांबवलं होतं तरी तिचे हात थांबले नव्हते. स्वच्छ असलेलं पातेलं ती पुन्हा पुसत होती.

"डॉक्टरबाई, तुम्हीही ओरडायला आलात का?"

"मी दातांची डॉक्टर. लोक माझ्यासमोर ओरडतात, मी नाही." मावशी शेजारच्या पोत्यावर बसल्या. "मला चकती करायला शिकव. मला काहीच येत नाही असं समज."

खळताईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग उठली.

"भुकटी नुसती दाबली तर ती धरत नाही," तिने सुरुवात केली. "यंत्रातून बाहेर पडते चकती म्हणून, आणि खोक्यात जाईपर्यंत तिचा भुगा होतो. म्हणून खळ लागते. स्टार्च पाण्यात शिजवायचं, चिकट झालं की भुकटीत मळायचं, चाळणीतून काढून रव्यासारखे दाणे पाडायचे. ते ताटांत पसरून भट्टीत वाळवायचे. खळ वाळली की कण एकमेकांना पकडून राहतात."

"आणि मग यंत्रात?"

"त्याआधी भुरभुर." तिने फळीवरच्या स्टीलच्या दोन सारख्या वाट्या दाखवल्या. "स्टार्च मी आदल्या संध्याकाळीच मोजून ठेवते. एका वाटीतलं शिजवायचं, दुसरीतलं कोरडंच ठेवायचं. दाणे वाळले की त्यांच्यावर कोरडं भुरभुरायचं आणि मग दाबायला द्यायचं. मोठ्या साहेबांनी बसवलेली रीत आहे. धाकट्या साहेबांना त्यातलं ठाऊक नाही. ते आले की हिशेबाच्या खोलीत आणि तिथून बाहेर."

"बिघडलेल्या लॉटच्या वेळीही दोन वाट्या मांडल्या होत्यास?"

"देवाशपथ. माझ्या हाताने."

"त्या दिवशी सकाळी खळ कशी झाली होती? पातळ, दाट?"

खळताईने पातेल्याकडे पाहिलं. "नेहमीसारखी."

"दाणे वाळायला वेळ लागला?"

"नाही. नेहमीइतकाच."

मावशींनी मान डोलावली. आयुष्यभर त्यांनी माणसांना विचारलं होतं, दुखतंय का. नाही म्हणणारी सगळी माणसं नजर कुठे वळवतात हे त्यांना पाठ होतं. वाट्यांबद्दल बोलताना खळताई त्यांच्या डोळ्यांत पाहत होती. खळीबद्दल बोलताना पातेल्याच्या बुडाकडे.

पहिलं खरं होतं. दुसरं नव्हतं.

४

दाबेराव यंत्राला तेल घालत होता. दांडगा माणूस, पण मावशींना पाहून एकदम शाळकरी पोरासारखा ताठ उभा राहिला.

"यंत्राचा काही दोष नाही, डॉक्टरबाई."

"नाहीच. त्या दिवशी दाणे कसे होते तेवढं सांगा."

"ओले. भट्टीतून निघतच नव्हते. ताटं पुन्हापुन्हा आत ढकलली."

"असं का झालं असेल?"

"पाणी जास्त घालावं लागलं ना. खळ एवढी दाट, की ढवळता ढवळता मनगट जायची वेळ आली."

"कुणाचं मनगट?"

दाबेरावाने तोंड उघडलं आणि मिटलं. तेलाची बुधली त्याच्या हातात तशीच वाकडी राहिली आणि तेल चपलेवर पडत गेलं.

"खळताईचं," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे... ती म्हणाली मला."

मावशींनी त्याला पाय पुसायला चिंधी दिली आणि पुढे गेल्या. घाईने काढलेला दात मुळाशी तुटतो, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

चवकाकांची खोली म्हणजे खिडकीजवळचं टेबल, खुर्ची आणि चहाचा कप. काका वयस्कर, बोलायला गोड. हसले तर तोंडावर हात धरून.

"काका, हा लॉट तुम्हीच पास केलात?"

"केला. तेव्हा चांगला होता. पुढे गोदामात काय झालं, देव जाणे."

"चहा कोरा घेता वाटतं?"

"कायम. बिनदुधाचा, बिनसाखरेचा. जीभ स्वच्छ राहिली पाहिजे ना."

मावशींनी रिकामा कप उचलून उजेडात धरला. कोऱ्या चहाच्या कपात तळाला पांढरा गाळ बसला होता.

"आ करा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"काका, मी अशी किती तोंडं उघडून घेतली आहेत याची गणती नाही. आ करा."

काकांनी हळूच तोंड उघडलं. वरच्या बाजूच्या दाढा गेल्या होत्या, खालची हलत होती आणि हिरडी सुजून लाल झाली होती.

"कधीपासून चकती चहात बुडवून चाखताय?"

चवकाकांनी तोंड मिटलं. त्यांचे डोळे भरून आले. "चाखणाऱ्याला चावता येत नाही म्हटल्यावर ठेवतं कोण? कढत चहात चकती मऊ होते. चव कळते. चव सगळी बरोबर होती हो, मी खोटं नाही सांगत."

"चव बरोबरच होती," मावशी म्हणाल्या. "म्हणून तर कुणाला पत्ता लागला नाही."

लॉट निसटला कसा, हे कळलं होतं. पण दगड झाला कसा, ते अजून बाकी होतं. खिडकीतलं ऊन कलायला लागलं होतं.

५

मावशींनी मिश्रणाच्या खोलीत टेबल मांडलं. दोन पेल्यांत पाणी. एकीकडे जुन्या लॉटमधली चांगली चकती, दुसरीकडे दगड. खळताई आणि दाबेराव त्यांनी बोलावल्यामुळे समोर उभे होते. एकमेकांकडे बघत नव्हते.

चांगली चकती पाण्यात पडली, जरा फुगली, आणि कडेपासून दाणा दाणा सुटत तिचा ढीग झाला. दुसरी तळाशी जाऊन बसली. पाणी थोडं पांढुरकं झालं, एवढंच.

मग मावशींनी पर्समधून आयोडीनची जुनी बाटली काढली. "शाळेत बटाट्यावर याचा थेंब टाकायचो, आठवतं? जिथे स्टार्च तिथे निळं-काळं."

त्यांनी सुरीने दोन्हींतली आणखी एकेक चकती कापली, दगडाची महत्प्रयासाने, आणि थेंब टाकले. चांगल्या चकतीत फिकट निळ्या दाण्यांच्या मधल्या फटींत काळे ठिपके उमटले. दगडात एकही ठिपका नव्हता. सगळीकडे एकसारखी गडद निळी छटा.

"आता नीट बघा," मावशींचा आवाज आपसूक तसा झाला, जसा तो पूर्वी खुर्चीत घाबरून बसलेल्या पोरांशी बोलताना व्हायचा. "समजा, भुकटीचे कण म्हणजे वर्गातली मुलं. खळ त्यांना एकमेकांचे हात धरायला लावते. कोरडं स्टार्च म्हणजे त्यांच्या मधेमधे अंग चोरून झोपलेली पोरं. तोंडात ओल लागली, म्हणजे त्यांच्या अंगावर पाणी पडलं, की ती हातपाय ताणून उठतात आणि साखळी तुटते. चकती विरघळते ती त्यांच्यामुळे. ही दगडाची चकती बघा. हिच्यात झोपलेलं कुणीच नाही. सगळ्यांनी हात धरलेत, आणि तेही दुप्पट घट्ट."

खळताई पुढे वाकली. "म्हणजे भुरभुर पडलीच नाही?"

"पडली नाही. ती शिजली. दोन्ही वाट्या पातेल्यात गेल्या. म्हणून वजन जुळलं, प्रयोगशाळा फसली. एकच वस्तू, तेवढीच वस्तू. शिजवली की बांधते, कोरडी ठेवली की सोडते." त्यांनी चष्मा काढला. "आता, दाबेराव, मनगट कुणाचं दुखलं ते सांगा."

मग दोघं एकदमच बोलायला लागले.

"त्याचा दोष नाही, डॉक्टरबाई, मीच..."

"ती नव्हतीच त्या दिवशी! तिच्या आईचं ऑपरेशन होतं. साहेब बाहेरगावी होते. मी म्हटलं, तू जा ताई, मी निभावतो."

"मला वाटलं, ह्याच्या हातून काहीतरी झालं," खळताई म्हणाली. "माझ्यासाठी केलं बिचाऱ्याने. त्याचं नाव कसं घेऊ?"

"आणि मला वाटलं, तू गडबडीत मोजायला चुकलीस," दाबेराव म्हणाला. "म्हणून मी गप्प."

"मी आणि मोजायला चुकेन? एवढ्या वर्षांत कधी चुकले होते रे?"

"अगं, पण वाटी काठोकाठ होती."

मावशींनी हात वर केला. "वाटी? किती वाट्या होत्या सकाळी?"

"एकच," दाबेराव म्हणाला. "भरलेली. तीच शिजवली. भुरभुरीची वाटी दिसली नाही, म्हटलं ताईने आधीच साखरेत मिसळून ठेवली असेल."

"मी दोन ठेवल्या होत्या," खळताई हळू आवाजात म्हणाली. "दोन्ही अर्ध्या."

तिघंही फळीकडे बघत राहिले. संध्याकाळी दोन अर्ध्या वाट्या, सकाळी एक भरलेली. खळताई घरी गेल्यावर आणि दाबेराव येण्याआधी कुणीतरी या खोलीत आलं होतं.

"त्या संध्याकाळी कारखाना बंद कुणी केला?" मावशींनी विचारलं. उत्तर मात्र त्यांनी ऐकून घेतलं नाही. त्या वाट्यांत स्टार्च भरायला लागल्या होत्या.

६

हिशेबाच्या खोलीत सगळे जमले. चवकाका भिंतीला टेकून, दाबेराव दारात, खळताई हात बांधून. मावशींनी भाच्याच्या टेबलावर दोन वाट्या ठेवल्या. दोन्हींत अर्ध्यापर्यंत पांढरं पीठ.

"हे काय?" भाच्याने विचारलं.

"सांगते. आधी तुझं म्हणणं पुरं कर."

"माझं म्हणणं सरळ आहे." तो उभा राहिला. बोलायला लागला की त्याला हात रिकामे ठेवता येत नसत. टेबलावरचे कागद त्याने एकावर एक जुळवले, पेनं सारखी केली. "विश्वासाचा प्रश्न आहे. मी कुणाचं वाईट चिंतत नाही. पण कारखान्यात शिस्त हवी. प्रत्येक गोष्ट जागच्या जागी हवी. पसारा मला खपत नाही, मग तो वस्तूंचा असो की कामाचा..."

बोलता बोलता त्याने एक वाटी उचलली, दुसरीत उपडी केली, बुडाला दोनदा टिचकी मारली आणि रिकामी वाटी भरलेलीच्या खाली सारून ठेवली.

"...आणि म्हणून मी ठरवलंय, की..."

तो थांबला. चौघंही त्याच्या हातांकडे बघत होते. दाबेरावाने तर तोंड उघडंच टाकलं होतं.

"काय झालं?"

"सोन्या," मावशी म्हणाल्या, "आता काय केलंस तू?"

"काय केलं? दोन अर्धवट वाट्या होत्या, एक केली." त्याने खाली पाहिलं. मग वर पाहिलं. मग पुन्हा खाली, आणि तसाच खुर्चीत बसला.

"बाहेरगावी जायच्या आदल्या संध्याकाळी दिवे बंद करायला मीच थांबलो होतो," तो म्हणाला. "फळीवर दोन वाट्या होत्या. एकच पीठ दोन वाट्यांत कशाला, म्हणून... रिकामी धुऊनसुद्धा ठेवली मी."

"लहानपणी खोकल्याची आणि तापाची, दोन्ही औषधं एका बाटलीत ओतली होतीस," मावशी म्हणाल्या. "का, तर कपाटात जागा होते. तुझी आई तुला घेऊन रात्रभर बसली होती."

चवकाका तोंडावर हात न धरता हसले. आपले दात उघडे पडले हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी घाईने हात वर नेला.

"राहू द्या," मावशी म्हणाल्या. "उद्या माझ्या ओळखीच्या दवाखान्यात जायचंय. नवे दात बसेपर्यंत तुम्ही चव बघा, चावायचं काम दाबेराव करतील. सोन्या, चालेल ना?"

भाच्याने मान हलवली. तो खळताईकडे बघत होता.

"मी तुम्हाला दोषी ठरवलं," तो म्हणाला.

"हो, साहेब."

"सगळ्यांना सांगणार होतो. शाळांना, आश्रमाला."

"हो."

"आता सांगतो. चूक माझी होती, हे सांगतो. आजच." त्याने घसा साफ केला. "आणि ती रजा. मी नाही म्हणायला नको होतं. आई कशा आहेत?"

खळताईने बांधलेले हात सोडले. सकाळपासून पहिल्यांदा तिचे खांदे सैल झाले.

"दिसायला लागलंय," ती म्हणाली. "पट्टी काढल्यावर मला बघून पहिलं काय म्हणाली, तर, अगं बाई, केवढी वाळलीस."

दाबेराव खो खो हसत सुटला, आणि मग कुणालाच आवरेना. भाचाही हसला, जरा ओशाळून, पण पोटातून.

"रजा न सांगता घेतली, ते माझं चुकलं," खळताई म्हणाली. "ते मी मान्य करते. पण साहेब, माझी एक अट आहे. नवा लॉट आत्ता लावायचा, आणि खळ तुम्ही करायची. दोन वाट्या का असतात, ते हाताला कळलं पाहिजे."

साहेबांनी बाह्या वर केल्या. थोड्याच वेळात मिश्रणाच्या खोलीतून वाफ यायला लागली. पातेल्यातलं पांढरं पाणी हळूहळू काचेसारखं होत गेलं, आणि पळी जड झाली.

"हात दुखतोय," भाचा म्हणाला.

"दुखणारच. ढवळत राहा. गुठळी झाली तर पुन्हा पहिल्यापासून." खळताईने दुसरी वाटी त्याच्या हाताला लागणार नाही अशी उंच फळीवर ठेवली. मावशींनी ते पाहिलं आणि हसू दाबलं.

खळताईचा फोन वाजला. तिने एक डोळा पातेल्यावर ठेवून तो कानाला लावला.

"हो, आई. नाही गं, उशीर होईल जरा." तिने पदराने कपाळ टिपलं. "काही झालेलं नाही. कामावर आहे. हो, कामावरच आहे."